कपाळावरची बॅटरी

“मग यातली कोणती बांधू, बाबा?”

दौलतनं तिन्ही हेडटॉर्च घोंगडीवर ओळीनं मांडल्या होत्या. भिकनाथबाबा पडवीत बसून सुपातले कुळीथ निवडत होते. त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि पुन्हा सुपात बोटं घातली.

“बघा तरी बाबा. हिचा उजेड सगळ्यात लांब जातो, पलीकडच्या कड्यावरचं माकड दिसेल. ही हलकी आहे, कपाळाला जाणवतसुद्धा नाही, पण सेल पहाटेपर्यंत टिकतील याची खात्री नाही. आणि ही चार्जिंगची. पाण्यात बुडाली तरी चालते, पट्टा घामानं घसरत नाही...”

“वर्षभरात किती घेतल्यास रे बॅटऱ्या?”

“मोजल्या नाहीत.”

“बायको काय म्हणते?”

“काय म्हणणार! घरात भांडी कमी नि बॅटऱ्या जास्त झाल्या, म्हणते.”

तो हसायला गेला, पण हसू काही फुटलं नाही.

दिवस बुडाला होता. मठाच्या अंगणात उजेड जेमतेम उरला होता आणि डोंगर काळा पडत चालला होता. दुसऱ्या दिवशी अमावस्या.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला रात्रीच डोंगर चढायचा आणि उजाडायच्या आत माथ्यावरच्या धुनीत लाकूड घालायचं, ही त्या मठाची रीत. वाट बेताची. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. माणसं एकामागं एक चालतात आणि सगळ्यांच्या पुढं एकच जण असतो. त्याला ‘पुढचं पाऊल’ म्हणतात. ते कुणाचं, हे बाबांनी ठरवायचं. बाबांचे पाय धड होते तोवर ते स्वतःच पुढं असत. पाय गेले आणि तो मान दौलतकडं आला.

दौलत होताच तसा. तालुक्याच्या गावी त्याचं तंबूंचं, दोरांचं, पाठीवरच्या पिशव्यांचं दुकान. शनिवार-रविवार शहरातल्या पोरांना घेऊन डोंगरात मुक्कामाला जायचा. डोंगर म्हणजे आपल्या घरचं परसदार, असा त्याचा तोरा. आणि खोटं कशाला बोला, तोरा अगदीच पोकळ नव्हता.

पण गेल्या सालच्या अमावस्येला तुळशीदास दरीत गेला, आणि त्या तोऱ्याची रया गेली.

तुळशीदास त्याचा गुरुबंधू, वयानं बराच लहान. दौलतनंच त्याला मठात आणलं होतं, पाठच्या भावासारखं वागवलं होतं. चढताना दौलत पुढं, त्याच्या मागं लगेच तुळशा. नाकाडाच्या वळणावर, जिथं वाट दरीकडं झुकते, तिथं त्याचा पाय सुटला. हाकसुद्धा मारता आली नाही पोराला.

त्यानंतर दौलत दुकानात कमी आणि नाकाडाच्या वळणावर जास्त दिसू लागला. कड्याच्या टोकाला पाय सोडून बसायचा. गुराखी बघायचे, मठात येऊन सांगायचे. मग बाबा निरोप धाडायचे, लगेच ये म्हणून. हा धापा टाकत यायचा, तर बाबा त्याला विहिरीचं पाणी ओढायला लावायचे, नाहीतर लाकडं फोडायला. दुसरं काही बोलायचे नाहीत. दौलतला त्याचा मनातून रागच यायचा. एवढं दुःख घेऊन गुरूकडं यावं, आणि गुरूनं म्हणावं, ती घागर उचल!

बाबांनी एक टॉर्च हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“गेल्या सालची काय वाईट होती? दिवस उगवल्यासारखा उजेड पडायचा.”

“कमी पडली, बाबा. आणखी उजेड असता, तर तो पाय कुठं टाकतोय ते मला दिसलं असतं. मी ओरडलो असतो. हात धरला असता...”

वर्षभर हाच एक विचार त्यानं दळला होता. आणखी थोडा उजेड असता, तर तुळशा आज असता.

“हौसाबाई येतेय उद्या,” बाबा म्हणाले.

हौसाबाई तुळशाची आई. वर्षभर दौलत तिच्या दारावरून जायचं टाळत होता.

“मठात?”

“वर. पोराच्या नावाचं लाकूड माझ्या हातानं घालीन, म्हणते. आणि चालीन तर तुळशाच्याच जागी, म्हणते.”

“म्हणजे पुढच्या पावलामागं?”

“हं.”

दौलत गुडघ्यांवर पुढं सरकला. त्यानं बाबांचे वाळलेले पाय धरले.

“मग मलाच पुढं राहू द्या, बाबा. दुसऱ्या कुणाला देऊ नका. म्हातारीला तळहातावर नेतो. दर वळणाला मागं वळून बघीन. नजर हलू देणार नाही तिच्यावरून. एवढं केलं नाही, तर मला तोंड दाखवायला जागा नाही.”

“तुळशाकडं बघितलं नव्हतंस?”

दौलतनं पाय सोडले. त्याचं तोंड लाल झालं.

“असं कसं बोलता, बाबा? मी बघितलं नाही? दर वळणाला थांबत होतो मी. मागं वळून विचारत होतो, तुळशा, बरा आहेस ना रे? त्याचं तोंड मला लख्ख दिसत होतं. अहो, पाय सुटला तेव्हासुद्धा मी त्याच्याकडंच बघत होतो!”

“तेव्हा काय करत होता तो?”

“काही नाही. डोळ्यांवर हात घेतला होता. पेंगला असेल. दमला होता पोर. पहिल्या दिवशीच सांगितलं ना मी तुम्हाला.”

“सांगितलंस.”

...

सुपातले कुळीथ आता दिसेनासे झाले होते. बाबांनी सूप बाजूला सारलं.

“विहिरीपाशी जा. आणि माझ्याकडं चालत ये.”

“आत्ता? पाणी कशाला आता...”

“पाणी नको. नुसता ये.”

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असं दौलतच्या मनात आलं. पण तो उठला. अंगण ओलांडून विहिरीपाशी गेला आणि वळला. बघतो तर बाबांनी ती लांब उजेडाची टॉर्च आपल्या कपाळावर बांधली होती. जटांवरून पट्टा बसत नव्हता, एका कानावर चढला होता. एरवी कुणीही हसलं असतं.

बाबांनी कळ दाबली. मान खाली घालून ते जमिनीकडं बघत होते. उजेड पडवीपुढच्या दगडी पायऱ्यांवर पडला. दौलत निघाला. अंगण त्याच्या पायाखालचं, पायऱ्या तर झोपेत चढेल अशा. पहिल्या पायरीशी तो आला आणि त्यानं पाऊल उचललं.

बाबांनी मान वर केली.

“दौलत, बरा आहेस ना रे?”

उजेड थेट डोळ्यांत शिरला. अंगण गेलं, पडवी गेली, बाबा गेले. सगळं पांढरंफटक. त्याचा हात आपोआप डोळ्यांवर गेला. उचललेलं पाऊल पायरी शोधत राहिलं, पण पायरी तिथं नव्हती.

तो दाणकन पडला. गुडघा दगडावर आपटला.

बाबांनी कळ बंद केली.

“अहो, हे काय बाबा!” दौलत कळवळला. “तोंडावर कशाला मारली? सांगायचं तरी...”

तो बोलता बोलता थांबला.

हात अजून तसाच डोळ्यांवर होता. तो काढायची त्याला भीती वाटायला लागली.

...

“बाबा...”

“हं.”

“त्यानं... असाच धरला होता.”

दौलतनं हात हळूच खाली घेतला.

“तो पेंगला नव्हता. त्याच्या हातात साधी बॅटरी होती. ती पायाशी धरून तो नीट चालला होता. मी वळलो नसतो तर... मी त्याच्याकडं बघितलं नसतं तर...”

तो पायरीवर कपाळ टेकून रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, पण पोरासारखा हमसून हमसून. वर्षभरात तो रडला नव्हता. एवढंच घट्ट धरून ठेवलं होतं त्यानं, की आपला उजेड कमी पडला. आता तेवढासुद्धा आधार राहिला नाही.

“मी मारलं त्याला, बाबा. माझ्या मायेनं मारलं.”

बाबा नाही म्हणतील, अशी त्याला वेडी आशा होती. तो थांबला.

बाबा नाही म्हणाले नाहीत.

त्यांनी कपाळावरचा पट्टा सोडवला. टॉर्च बाकीच्या दोन्हींच्या शेजारी ठेवली.

“कुठलीही बांध,” ते म्हणाले. “उद्या पुढं तूच चालायचंस.”

दौलतनं डोकं वर उचललं.

“मी? एवढं कळल्यावर?”

“एवढं कळल्यावर.”

“आणि मागं हौसाबाई?”

“मागं हौसाबाई. तोंड पुढं, उजेड खाली. रात्रभर मान वळवायची नाही. हाक मारायची, आणि तिची ओ येईपर्यंत उभं राहायचं.”

“आणि ओ आली नाही तर? तरी मागं बघायचं नाही?”

“आधी बॅटरी विझवायची. मग वळायचं.”

त्या वळणावर, त्या काळोखात, पाठीशी तुळशाची आई, आणि आपण तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. नुसती तिच्या पायांची चाहूल ऐकत जायचं. दौलतला वाटलं, यापेक्षा बाबांनी मठातून हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

“तिला सांगतो,” तो एकदम म्हणाला. “आत्ताच जातो. पाय धरतो तिचे. तुमचा पोर माझ्यामुळं गेला म्हणतो. तिला माझं काय करायचं ते करू दे.”

तो उठायला लागला. गुडघ्यातून कळ आली, तसा पुन्हा खाली बसला.

“आज नको,” बाबा म्हणाले. “उद्या तिला नाकाडावरून जायचंय. डोंगर उतरली की सांग.”

...

अंधार दाट झाला होता. बाबांचं तोंड दिसत नव्हतं. दौलतला हळूहळू उमगत गेलं, की हे सगळं बाबांना आज सुचलेलं नाही. डोळ्यांवरच्या हाताचं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे बाबांना तेव्हाच कळलं होतं. आणि तो लाकडं फोडत राहिला, पाणी ओढत राहिला, बॅटऱ्या विकत घेत राहिला. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

“वर्षभर ठाऊक होतं तुम्हाला! वर्षभर मला जळताना बघत बसलात. तेव्हाच का नाही सांगितलंत? का नाही बोललात, बाबा?”

बाबांनी हात लांब करून चाचपडत त्याचा गुडघा शोधला. त्यावरचं रक्त आपल्या कफनीच्या टोकानं पुसलं.

“वर्षभर तू कड्याच्या टोकाला बसला होतास, दौलत. आज अंगणात पडलास.”