एका केसाचा दावा

हर्षला कुबलचा कॅमेरा समुद्रात बुडाला नाही, समुद्रच तिच्या कॅमेऱ्यात शिरला! आता कॅमेरा म्हणजे काही मासा नव्हे. पाण्याखाली न्यायचा तर तो घट्ट पेटीत बंद करावा लागतो आणि पेटीच्या झाकणाला रबरी रिंग बसवावी लागते. त्या रिंगेखाली कुठून कोण जाणे, एक केस अडकला. हर्षला दहा फूट खाली गेली नाही तोच पेटीत पाणी भरलं, आणि दोन हंगाम राबून घेतलेला कॅमेरा कायमचा गार झाला.

मालवणला येणाऱ्या पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला न्यायचं आणि पाण्याखाली त्यांचे फोटो काढायचे, हे तिचं काम. दिवाळीची गर्दी चार दिवसांवर आलेली. बोटीच्या मालकाने तर सरळच सांगितलं, "सोमवारी कॅमेरा नसेल तर मी गोव्याहून दुसरा फोटोवाला बोलावतो!"

पण हर्षलाने कॅमेऱ्याचा विमा उतरवलेला होता. कागद घेऊन ती तडक अभयसागर विमा कंपनीच्या कचेरीत गेली. शाखेच्या तपासणीला मुंबईहून आलेले मोठे साहेब, गुर्जरपाध्ये, तिथेच बसले होते. माणूस भलताच टापटिपीचा. चष्मा पुसायचा रुमाल वेगळा, पेन पुसायचा वेगळा!

"नामंजूर!" साहेबांनी कागद परत सरकवला. "रिंगेत केस म्हणजे निष्काळजीपणा. त्याला भरपाई नाही."

"अहो साहेब, तीनदा पुसली रिंग! उजेडात धरून पाहिली!"

"काळजी घेणाऱ्याकडे पाणी शिरतच नाही."

"पाण्यातला कॅमेरा तो! त्याला पाण्याचा धोका नाही, तर काय वणव्याचा?"

कचेरीत खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले.

"फार चुरुचुरु बोलतेस! बरं, मग असा माणूस आणून दाखव, ज्याने सगळी काळजी घेतली आणि तरी केसापायी पाणी आत शिरलं. मात्र त्याच्या काळजीची हमी मला स्वतःला देता आली पाहिजे. आणि ऐकून ठेव, मी माझ्या सख्ख्या भावाचीही हमी देत नाही! मुदत उद्या संध्याकाळपर्यंत."

झालं! असा माणूस आणायचा कुठून? हर्षलाला रडूच यायला लागलं. शिपाई सावळाराम हळूच म्हणाला, "गे बाय, घराक जा. दगडाक पाझर फुटात, ह्या माणसाक नाय!"

दारातून बाहेर पडताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. साहेब खिशातल्या चिमुकल्या कंगव्याने मिशी विंचरत होते. काय मिशी ती! झुपकेदार, तेल लावलेली, टोकं वर वळवलेली. हर्षलाचं रडू जागच्या जागी थांबलं.

ती परत फिरली. "साहेब, मालवणला येऊन पाण्याखाली गेला नाहीत, हे मुंबईत कोणत्या तोंडाने सांगाल? उद्या सकाळी या ना, मी नेते."

"मला लाच देतेस?"

"छे हो! तिकीट काढूनच या!"

दुसऱ्या दिवशी साहेब किनाऱ्यावर बोटीपाशी हजर, मागे टॉवेल घेऊन सावळाराम. साहेबांनी सिलिंडरचा काटा दोनदा पाहिला, नळी तीनदा ओढून पाहिली. डोळे आणि नाक झाकणारे पाच मास्क हर्षलाने पुढे ठेवले. साहेबांनी एकेक दाबून, उन्हात धरून, त्यातला सगळ्यात चांगला निवडला. मग सगळ्याच पर्यटकांकडून घेतात तो फॉर्म आला: "साहित्य मी स्वतः तपासले आहे. माझ्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही." साहेबांनी आपल्या हाताने त्यात "तीन वेळा तपासले" अशी भर घातली आणि झोकात सही ठोकली.

"आधी छातीइतक्या पाण्यात गुडघे टेकून बसायचं," हर्षला म्हणाली. "काही वाटलं तर सरळ उभं राहायचं. मी हात धरलेला आहेच."

साहेब बसले. हर्षलाने मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायला सुरुवात केली. आठ व्हायच्या आत साहेब ताडकन उभे! डोळे लाल, नाकातून पाणी, मिशी ओठावर लोंबतेय.

"पाणी! पाणी शिरलं आत!"

"अगो बाई! मास्क फाटका निघाला की काय?"

"फाटका कसा निघेल? मी तपासलाय!"

"मग नीट बसवला नसेल तुम्ही."

"मी? नीट बसवला नसेल? तीनदा बसवला!"

"मग पाणी शिरलं कुठून?"

साहेबांनी मास्क काढून पाहिला. आतल्या रबरी कडेला दोन केस चिकटले होते, तेल लावलेले. साहेबांचा हात आपसूक मिशीकडे गेला.

"केस..." ते पुटपुटले.

"म्हणजे निष्काळजीपणाच की, साहेब!"

"खबरदार! माझ्या काळजीची हमी मी कुणालाही..." साहेबांचा आ वासलेला तसाच राहिला.

"मिळाली हमी!" हर्षलाने टाळी वाजवली. "तुम्ही सांगितला तस्सा माणूस आणलाय साहेब, सहीसकट. का अजून एखादा शोधू?"

साहेब असे खदखदून हसले, की नाकातलं उरलंसुरलं पाणीही बाहेर आलं. "लोक केसाने दुसऱ्याचा गळा कापतात, मी माझाच कापून घेतला!"

ओल्या अंगानेच त्यांनी हर्षलाने पुढे केलेला कागद बोटीच्या फळीवर ठेवून दावा मंजूर केला. नुकसानीचं कारण लिहिलं, "केस. निष्काळजीपणा कोणाचाही नाही." वर म्हणाले, "चेक उद्या सकाळी घेऊन जा. आणि आजपासून या किनाऱ्यावरचे पाण्याखालचे सगळे दावे तू तपासायचेस. मेहनताना कंपनी देईल."

"बाय माझे!" सावळारामच्या हातातला टॉवेलच पडला.

"चल, आता मला मासे दाखव," साहेब म्हणाले.

"दाखवते की! पण एकालाच नेता येईल साहेब. तुम्हाला, नाहीतर मिशीला!"

साहेबांनी मिशीवरून एकदा प्रेमाने हात फिरवला, निळ्या पाण्याकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"सावळाराम, इथे जवळपास न्हावी कुठे बसतो रे?"