आकाशपाळण्याचा बारावा जोड

एका गावात एक वायरमन होती. हो, बाई होती आणि वायरमन होती! तिचं नाव शेवंता. त्या वर्षी गावच्या जत्रेत पहिल्यांदाच मोटारीवर फिरणारा आकाशपाळणा आला आणि त्याची वायर जोडायचं काम तिला मिळालं. केवढा मोठा मान! पण काम बिघडलं असतं, तर पुन्हा कुणी तिला बोलावलं नसतं.

वायर तुकड्यातुकड्यांची होती. जोड बारा, आणि प्रत्येक जोड झाकणाच्या एका छोट्या पेटीत. शेवंताने जाड पितळेचे, घट्ट स्क्रूचे कनेक्टर आणले होते. प्रत्येकात वायर कसली की ती एक हिसका द्यायची. वायर सुटली नाही तरच पुढे. पण मोजताना चूक झाली होती, कनेक्टर अकराच निघाले! जत्रेतल्या दुकानात एक चकचकीत कनेक्टर मिळाला, तर त्याचा स्क्रू नुसताच फिरत राहिला. चांगला हवा तर बाजारपेठेत जायला हवं. आणि इकडे माळावर अख्खं गाव जमलेलं!

"अगं ए, दिवाळीपर्यंत जोडतेस का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

शेवंताने घाईघाईने बाराव्या जोडाच्या वायरींना नुसताच पीळ दिला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

"बाराही जोड पक्के ना, बेटा?" पाळण्याचे मालक इस्माईलचाचा यांनी विचारलं.

"पक्के," ती म्हणाली.

रिकामा पाळणा गरगर फिरला. काय त्या शिट्ट्या, काय त्या टाळ्या! पाळणा थांबला आणि मुलं आत बसू लागली. तेवढ्यात पेटीच्या फटीतून जळका वास आला. शेवंता धावली आणि तिने मेन स्विच पाडला.

"मुलांना उतरवा, चाचा! बारावा जोड कच्चा आहे. मी खोटं बोलले."

तिने झाकण उघडलं. चिकटपट्टी वितळून लोंबत होती.

"तरी म्हटलं, बाईमाणसाचं काम नव्हे हे," मागून एक आवाज आला.

चाचांनी तिकडे पाहिलंही नाही. "झाकण लावलेलं होतं, बेटा. कुणालाच दिसलं नसतं."

"मुलं वर अडकली असती, तेव्हा दिसलं असतं."

चाचा म्हणाले, "जा, चांगला कनेक्टर घेऊन ये. पाळणा थांबेल. आणि आलीस की बाकीचे अकराही सगळ्यांसमोर उघडून दाखव."

शेवंता पळतच गेली, पळतच आली. बारावा जोड कसला. मग एकेक पेटी उघडून ती हिसका देऊ लागली. पोरं मोजू लागली. एक! दोन! तीन! मोठी माणसंही मोजू लागली. एकही वायर सुटली नाही. "बारा!" म्हणताना अख्खा माळ दणाणला, आणि चाचांनी पहिल्या पाळण्यात स्वतःच्या नातीला उचलून बसवलं.

तात्पर्य: जोड चकाकी बघून किंवा घाईत करू नये, हिसका देऊन पारखावा, आणि आपल्या हातून कच्चा राहिलाच, तर दुसऱ्याला इजा होण्याआधी आपणच तो उघडून दाखवावा.