वर्खाचे फुलपाखरू

डोंगराच्या पायथ्याशी पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याकडे विद्या शिकून आपल्या वाडीला गेलेला गोमा नावाचा शिष्य एका सकाळी अकस्मात परत आला. अंगावर रेशमी उपरणे, कपाळी ठसठशीत गंध, चेहरा मात्र पार उतरलेला.

"गुरुजी, मला शहरात जाण्याची अनुज्ञा द्या," तो म्हणाला. "वाडीत तापाची साथ आहे, माणसे दगावताहेत. मी दारोदार जातो, उंबऱ्याशी उभा राहून श्लोक म्हणतो, रोगाचे निदान शास्त्राच्या भाषेत सांगतो. पण नाडी बघायला कोणी हात देत नाही. माझीच माणसे मला बघून दार लोटून घेतात. फार लागले हो मला ते."

वृद्धांनी ऐकून घेतले आणि फडताळातून जाड कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. "अंगणात ती पिवळी फुलपाखरे दिसतात ना? तसे एक करून दे. छान कर."

आता माणूस आपले दुःख घेऊन यावा आणि त्याला कागद कापायला बसवावे, ही काही रीत नव्हे. पण गुरूपुढे बोलणार कोण? गोमाने मुकाट्याने पंख कापले, त्यांवर औषधासाठी ठेवलेला सोन्याचा वर्ख चढवला, शेंदराची नक्षी काढली. काम खरोखर देखणे झाले. वृद्धांनी दुसरा तुकडा कापून त्याला हळद चोळली आणि कडेने काजळाचे बोट फिरवले. दोन्ही काड्यांना बांधून त्यांनी झुडपात खोचली.

ऊन वर आले तशी फुलपाखरे आली. वर्खाच्या पंखांना वळसा घालून ती पुढे गेली. एक मात्र हळदीच्या तुकड्याभोवती घिरट्या घालू लागले.

"त्यात असे काय आहे?" गोमाने विचारले.

"त्याच्या गणगोताचा रंग आहे," वृद्ध म्हणाले. "आपल्याला वाटते, देवाने त्यांना नटवले. पण रानात इतके पंख उडतात, त्यांत आपले कोण, जोडीदार कोण, हे फुलपाखराला लांबून कळते ते रंगावरूनच. किती सुंदर आहेस, हे ते बघत नाही. आमच्यातला आहेस का, एवढेच बघते. हा माझा कागद तर खोटा. बघ, जवळ येऊन ते निघूनही गेले. तुझे रंग अंगचे आहेत, गोमा. ते तू वर्खाखाली झाकलेस. तापाने तळमळणाऱ्याला आधी ओळख पटू दे, विद्या मागाहून दाखव."

रेशमी उपरणे उतरवून, गंध पुसून गोमा वाडीत परतला. वाटेवरच्या ठकूबाईची सून तापाने फणफणली होती. तो ओट्यावर मांडी घालून बसला आणि दुखण्याबद्दल विचारण्याआधी गुरांची विचारपूस करायची, ही वाडीची रीत त्याने पाळली.

"काकू, म्हस काय म्हनती तुजी? दूध देती का न्हाई?"

ठकूबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "आरं, तू तर आपला गोमा. मग त्या दिशी आला व्हता, तो कोन?"

गोमा उठून आत सुनेच्या अंथरुणाशी जाऊन बसला. तिने पांघरुणाबाहेर हात काढला आणि त्याच्यापुढे धरला.