कड्यावरची लगोरी

फार जुनी गोष्ट. हिमनदीच्या तळ्यावर एक उंच कडा होता. धुक्यात वाट चुकू नये म्हणून मेंढपाळांनी वाटेवर दगडांच्या राशी रचल्या होत्या. एका वाटसरूने मात्र गंमत म्हणून कड्याच्या अगदी टोकाला लगोरी रचली.

"अगं, तिकडे वाट नाही. कुणीतरी फसेल," जवळची रास म्हणाली.

"जळतेस माझ्या रूपावर!" लगोरी हसली.

एकदा दाट धुकं उतरलं. एक मेंढी कोकराला घेऊन थेट लगोरीकडे येऊ लागली.

"चल बाळा, दगड रचलेत, म्हणजे वाट इथूनच."

"मावशी, थांबा!" लगोरी ओरडली. वाऱ्यात ते ऐकू गेलं नाही. मग तिने स्वतःला कड्यावरून लोटून दिलं.

बऱ्याच वेळाने, खूप खालून, दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला. मेंढीने कोकराला डोक्याने मागे ढकललं.