सोनबाचं ओझं

कोणे एके काळी, जेव्हा वाटा थोड्या आणि रानं उदंड होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावीच, पण थोरांनीही जरा कान द्यावा, कारण चूक केली ती एका चांगल्या थोराड माणसाने.

एका ओल्या दरीत लहानशी वाडी होती. तिथली माणसं नाचणी पिकवत आणि नाचणीच खात. पण दरीतली हवा अशी दमट, की घरात ठेवलेल्या बियाण्याला बुरशी धरायची. म्हणून उन्हाळा सरत आला की वाडीतला एक जण डोंगर ओलांडून पलीकडच्या कोरड्या पठारावर जाई आणि तिथल्या सोयऱ्यांकडून बियाण्याची गोणी पाठीवर घेऊन येई. नाचणीचं बी बारीक. एका गोणीत सगळ्या वाडीची शेतं पेरून होत. पण पाऊस लागला की खिंडीतला ओढा फुगायचा आणि वाट बंद व्हायची. गोणी त्याआधी आली नाही तर वर्षभर चुली थंड राहणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दर साली एका घराची पाळी असे. त्या साली ती सोनबाच्या घरावर आली. सोनबा अंगापिंडाने दणकट होता, पण गावची शीव त्याने कधी ओलांडली नव्हती. पाळीची बातमी कळली आणि त्याची झोप उडाली.

वाडीची एक रीत होती. ज्याची पाळी, त्याने होळी झाली की गोणीत नदीची वाळू भरायची, ती पाठीवर घ्यायची आणि रोज सकाळी शिवेवरच्या देवापर्यंत चढून परत यायचं. आधी थोडी वाळू, मग जरा जास्त. आणि ज्या वहाणा घालून डोंगर चढायचा, त्याच पायात घालायच्या. ही रीत सांगायला येसाई म्हातारी सोनबाच्या दारी आली. तरुणपणी डोंगरापलीकडची वाट तिने कितीतरी वेळा तुडवली होती.

"आजी, वाटेत जनावर आलं तर?" सोनबाने विचारलं.

"आलं तर बघशील. तू वाळू भर."

"वाट चुकलो तर?"

"माणसांनी मळलेली वाट आहे, बाबा. डोळे उघडे ठेव. अन् वाळू भर."

पहिल्याच सकाळी सोनबा ओंजळभर वाळू घेऊन निघाला. शिवेचा रस्ता रानाच्या कडेने जात होता. झुडपात काहीतरी सळसळलं आणि सोनबा आल्या पावली माघारी फिरला. गुडघा दुखतो म्हणाला. गुडघा बिचारा ठणठणीत होता.

वाळू कोपऱ्यात पडली ती पडलीच. त्याऐवजी सोनबा घरोघरी जाऊन वाटेची माहिती विचारू लागला. आता गंमत बघा, जे कधी डोंगर चढले नव्हते, त्यांच्याकडेच सांगण्यासारखं फार होतं. एक म्हणाला, वर अस्वलं आहेत, कुऱ्हाड ने. दुसरा म्हणाला, माथ्यावर थंडीने माणूस आखडतो, दोन घोंगड्या असू देत. तिसऱ्याने सांगितलं, रानातलं पाणी बाधतं, पाणी उकळायला तांब्याची कळशी ने. आणि वाटेत उपासमार होते, भरपूर पीठ ने, हे तर सगळ्यांनीच सांगितलं. सोनबा प्रत्येक वेळी घाबरून घरी यायचा आणि गाठोड्यात एक जिन्नस वाढवायचा. तेवढ्यापुरती त्याला झोप लागायची. नव्या कोऱ्या वहाणाही त्याने करून घेतल्या, पण झिजू नयेत म्हणून खुंटीला टांगून ठेवल्या.

"अहो, हे एवढं नेलंत तर येताना बियाणं कुठं ठेवाल?" त्याच्या बायकोने, गोजराने विचारलं.

"येतानाचं येताना बघू," सोनबा म्हणाला. भ्यालेल्या माणसाला येतानाचं दिसतच नाही.

निघायच्या दिवशी वाडी शिवेवर जमली. येसाईने गाठोड्याला खालून हात लावून पाहिला आणि ती म्हणाली, "थोडं उतरव, सोनबा. अजून घराजवळ आहेस." पण काय उतरवणार? कुऱ्हाड ठेवावी तर अस्वल डोळ्यांपुढे येई, पीठ ठेवावं तर भूक. सोनबाने काहीच उतरवलं नाही. तो वाकून चालू लागला आणि गोजरा तो दिसेनासा होईपर्यंत शिवेवर उभी राहिली.

पहिल्या चढावरच वहाणा चावू लागल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा टाचेवर फोड आले आणि पाठीवरची दोरी खांद्यात रुतली. मग रान दाट झालं. पाखरं गप्प झाली, उजेड हिरवा झाला. आणि सोनबाला पाठीमागे आवाज आला.

खळ. खळ. खळ.

तो थांबला. आवाज थांबला. तो चालू लागला, आवाज चालू लागला. मागे वळून बघायचं धाडस होईना. त्याने पाय उचलले, तर मागचं जे काय होतं तेही भराभर येऊ लागलं. मग सोनबा पळत सुटला. फोड फुटले, अंगाला काटे लागले, पण थांबतो कोण! शेवटी एका मुळात पाय अडकून तो तोंडावर आपटला. कमरेला बांधलेला पाण्याचा भोपळा फुटला. सोनबा झाडाला पाठ लावून, गाठोडं छातीशी धरून बसला. ऊन उतरत होतं आणि घशाला कोरड पडली होती. मी इथेच मरणार आणि वाडी माझी वाट बघत बसणार, असं त्याला वाटलं आणि तो रडू लागला.

तेवढ्यात झुडपातून एक साळिंदर बाहेर आली. पाठीवरचे काटे हलवत तिने त्याला न्याहाळलं.

"किती आवाज करतोस रे," ती म्हणाली. "सगळं रान जागं केलंस."

"मी नाही. माझ्या मागे कोणीतरी आहे."

"तुझ्या मागे तुझी कळशी आहे. कुऱ्हाडीचा दांडा तिच्यावर आपटतोय."

सोनबाने गाठोडं हलवून पाहिलं. खळ, असा आवाज आला. त्याला लाजही वाटली आणि हायसंही वाटलं.

"तूही पाठीवर केवढं घेऊन फिरतेस," तो म्हणाला.

"मीही भीतीपायीच वागवते. पण माझे काटे माझ्याबरोबर हळूहळू वाढले, म्हणून मला त्यांचा भार होत नाही. तुझं ओझं आज सकाळचं आहे." एवढं बोलून साळिंदर झऱ्याची दिशा दाखवून निघून गेली.

सोनबाने कुऱ्हाड, कळशी, एक घोंगडी आणि पिठाची पिशवी तिथेच ठेवली. झऱ्याचं पाणी प्यायला, ते बाधलं नाही. मळलेल्या वाटेने तो पुढे गेला आणि अस्वल काही भेटलं नाही. पण पाय सोलले गेले होते आणि खांदे सुजले होते. लंगडत, बसत, रखडत तो पठारावर पोचला, तेव्हा पश्चिमेला ढग चढू लागले होते.

सोयऱ्यांनी भरलेली गोणी त्याच्या पाठीवर दिली. सोनबा उठला आणि खाली बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. जखमा भरेपर्यंत थांबावं, तर ओढा फुगणार. शेवटी सोयऱ्यांनी गोणीतलं अर्धं बियाणं परत ओतून घेतलं. ते ओतताना झालेला आवाज सोनबा जन्मभर विसरला नाही. परतीच्या वाटेवर त्याला जनावराचं भय वाटलं नाही. भय वाटलं ते शिवेवर उभ्या असलेल्या माणसांचं.

माणसं उभी होतीच. गोणी उघडली आणि ती निम्मीच भरलेली निघाली. आभाळ गडगडत होतं, पुन्हा जायला वेळ नव्हता. येसाई मापाने बी वाटू लागली, प्रत्येक घराला निम्मं. सोनबाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माझा वाटा इतरांना द्या." गोजराने पुढे केलेला पदर मागे घेतला.

त्या वर्षी सोनबाच्या शेतात नुसतं गवत वाढलं. भुकेला भिऊन त्याने पीठ वाहिलं होतं, आणि भूक त्याच्याच घरात राहायला आली. गोजरा रानातले कंद उकडायची. एकदा ताटात कंद वाढता वाढता तिने विचारलं, "एवढी जड होती का हो वाळू?" सोनबाने कोपऱ्यात पडलेल्या वाळूकडे पाहिलं.

पुढच्या होळीला शेजाऱ्याची पाळी होती. सोनबा भल्या सकाळी त्याच्या दारी गेला. पाठीवर वाळूची गोणी होती आणि पायात त्याच वहाणा, आता मऊ झालेल्या. शेजारी चाचरत म्हणाला, "सोनबा, रानात मागून पावलं वाजतात म्हणे?"

"वाजतात," सोनबा म्हणाला. "तू वाळू भर. मी येतो बरोबर."

म्हणून बाळांनो, एवढं मनाशी धरा: लांबच्या वाटेची भीती गाठोडं फुगवून जात नाही, ती घराजवळ रोज थोडं थोडं चालूनच जाते.