भरलेला कमंडलू

एका राज्यात एक गूढ पंथ होता. त्याचा मंत्र एका वेळी एकाच माणसाला ठाऊक असे. गुरू मरताना तो एका शिष्याच्या कानात सांगे, आणि तो शिष्य गादीवर बसे. त्रिलोचनस्वामी गेले तेव्हा मात्र तीन शिष्य बाहेर आले. तिघेही म्हणाले, "माझ्या कानात सांगितला."

झाले. शंखपादाने गुरूंचा दंड उचलला, मणिधराने पादुका, धूम्रकेशाने कमंडलू. एका मठाचे तीन मठ झाले. एकाच गुरूच्या तीन पुण्यतिथ्या होऊ लागल्या, कारण तिथीवरही एकमत होईना.

त्याच सुमारास राजा वज्रबाहूची लेक केतकी हिला शाप लागला. ओठाला लागताच पाण्याची वाळू होई. फळांच्या रसावर पोर कशीबशी जगत होती. राजाने तिन्ही आचार्यांना बोलावले. तिघांनी आपापला मंत्र म्हटला. वाळू ती वाळूच. प्रत्येकाने दोष उरलेल्या दोघांना दिला.

तेव्हा जुन्या मठातली साळुंकी खिडकीत येऊन बसली. म्हणाली, "राजा, तिन्ही वस्तू गुरूंच्या समाधीपाशी आण. तू स्वतः आण."

राजा निघाला. दंडाचा नाग झाला. त्याने तो शेपटीला धरून आणला. पादुका पळत सुटल्या. सात कोस धावून त्याने त्या गाठल्या. कमंडलू जागचा हलेना. त्याला बारा बैल जुंपावे लागले. मागून तिन्ही आचार्य शिव्याशाप देत आले. केतकीचा मेणाही आला.

"खरा वारस कोण?" राजाने विचारले.

"कुणीच नाही," साळुंकी म्हणाली. "मी तुळईवर होते. तीन दिवस म्हातारा एकच शब्द बोलत होता. पाणी. तिघांनी तो नीट ऐकला. कमंडलू हाताच्या अंतरावर भरलेला होता."

मणिधर म्हणाला, "मी उठलो असतो, तर मंत्र या दोघांनी ऐकला असता."

"आणि राजा, तू दारात उभा होतास. पुढे कुणाच्या पाया पडायचे, ते कळावे म्हणून," साळुंकी म्हणाली.

"होतो," राजा म्हणाला. "मलाही ऐकू आले होते."

त्याने कमंडलू कलंडवला. त्यातले पाणी अजून तसेच होते. समाधीने ते थेंबन् थेंब पिऊन टाकले. नागाची काठी झाली, पादुका निमूट पडल्या, शाप सुटला. मंत्र मात्र गुरूंबरोबर गेला, तो गेलाच.

तिन्ही मठांना कुलपे लागली. राजाने तिन्ही आचार्यांना वेशीवरच्या पाणपोईवर बसवले. तिथेही पहिली घागर कुणी भरायची, यावरून ते रोज भांडत.

शाप सुटला त्या दिवशी राजाने समाधीजवळच्या झऱ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि तो मेण्यापाशी गेला. केतकीने सगळे ऐकले होते. तिने बापाच्या ओंजळीकडे पाहिले, मग दासीने झऱ्यावरून भरून आणलेला पेला घेतला आणि घटाघटा प्यायली. पाणी पाणीच राहिले.

पुढे राज्य सुखाने नांदले. बापाच्या हातचे पाणी मात्र ती कधी प्यायली नाही.