मघाशी रडलात तिथेच

"पण मग दुसऱ्यांदा का नाही रडल्या त्या?"

प्रबोधने हे तिसऱ्यांदा विचारलं. उमाप पाळकांनी मान वर केली नाही. ते मेथी निवडत होते.

"तिलाच विचार ना," ते म्हणाले.

"असं कसं विचारणार, पाळकसाहेब?"

"का? रडा म्हणून सांगता आलं की."

प्रबोधने मोबाईल या हातातून त्या हातात घेतला. मी मेथीकडे बघत राहिलो, कारण या सगळ्या घोटाळ्याचं मूळ मीच.

तेवढं आधी सांगून टाकतो. मी रूबेन शिरसाठ. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, आता आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवतो. उमाप पाळकांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण आमच्या गावाला दुसरा पाळक काही मिळाला नाही. कोण येतंय इतक्या आडबाजूला! म्हणून दर रविवारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस गुडघे धरत उभा राहतो. प्रबोध अमोलिक आमच्याच गावचा पोरगा. शहरात कंपनीत कामाला. त्याला पाळक व्हायचंय, आणि तेही इथलाच.

हे त्याचं नुसतं तोंडाचं बोलणं नव्हतं बरं का. पाळक व्हायचं तर सेमिनरीत शिकावं लागतं. नोकरी सोडून तीन वर्षं जाणं त्याला झेपणारं नव्हतं, म्हणून कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कानात वायर घालून त्याने दोन वर्षं ऑनलाइन कोर्स केले. जुना करार, नवा करार, मंडळीचा इतिहास... ग्रीकसुद्धा! एकेक कोर्स पुरा झाला की तीन क्रेडिट जमा. साठ झाली की सेमिनरीत पहिलं वर्ष माफ. सत्तावन्न झाली होती. उरली होती तीन, उपदेशाची.

त्या कोर्सचा नियम असा. खऱ्या उपासनेत, निदान दहा माणसांसमोर, वीस मिनिटं उपदेश करायचा. त्याचा सलग व्हिडिओ हवा, मध्ये तोडलेला चालणार नाही. ऐकणारे लोक एकदा तरी दिसले पाहिजेत. शिवाय एका जुन्या पाळकाने कागदावर सही करायची. हे सगळं सोमवारी संध्याकाळच्या आत पाठवायचं, नाहीतर यंदा प्रवेश नाही.

आणि हा होता रविवार.

सकाळच्या उपासनेत मोबाईल माझ्या हातात दिलेला. मी काही चुकीचं दाबलं नाही, खरंच सांगतो. पण मोबाईल आधीच भरलेला होता, या कोर्सच्याच धड्यांनी, आणि सहाव्या मिनिटाला तो आपला आपण थांबला. मला पत्ताच नाही! मी पुढची चौदा मिनिटं बंद पडलेल्या मोबाईलमागे हात ताठ करून उभा.

उपदेश होता बायबलमधल्या नाईन गावच्या विधवेवर. तिचा एकुलता एक मुलगा गेलेला. त्याची तिरडी गावाबाहेर निघालेली. वेशीत तिला प्रभू भेटतो, आणि रडू नको म्हणतो.

प्रबोध छान बोलत होता. जरा पाठ केल्यासारखं, पण छान. तिरडीपाशी आला... आणि अडला.

पुढच्याच सतरंजीवर सोनाबाई लोंढे बसली होती. तिचा एलिया दिवाळीच्या आधी फाट्यावर ट्रकखाली गेला. एकुलता एक. एलिया आणि प्रबोध शाळेत एका बाकावर बसणारे, चर्चच्या शब्बाथशाळेत एकत्र मार खाणारे. एलियाच्या शवपेटीला पुढचा खांदा प्रबोधचाच होता.

प्रबोधला पुढचं वाक्य येईना. ओठ हलायचे, आवाज नाही. किती वेळ गेला कोण जाणे. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग सोनाबाई रडली.

एलिया गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. त्यानंतर आठ महिने नाही. आम्ही सगळे घाबरून होतो तिच्यासाठी. आता मात्र असा बांध फुटला की दोघीतिघींनी तिला कुशीत घेतलं. माझी तर बाही भिजली.

पुढे प्रबोधने उपदेश कसाबसा संपवला. पाळकांनी शेवटचा आशीर्वाद दिला, उपासना संपली. लोक चपला घालायला लागले, आणि मी मोबाईल बघितला.

पोराचा चेहरा पाहवेना हो. तो दारात आडवा उभा राहिला, हात जोडले. "पुन्हा एकदा बसाल का? वीसच मिनिटं." घरी भाकरी खोळंबल्या होत्या, तरी सगळे बसले. आपलंच पोरगं.

मग त्याने जुने धडे पुसून मोबाईलमध्ये जागा केली, आणि तो सोनाबाईपुढे उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "मावशी, मघाशी रडलात ना... तिथेच..."

"व्हय बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळेला उपदेश एकदम चोख झाला. तिरडीपाशी आल्यावर त्याने मला डोळ्यांनी खूण केली आणि मी मोबाईल लोकांकडे फिरवला.

तो व्हिडिओ आणि सहीचा कागद घेऊन दुपारी आम्ही दोघं पाळकांच्या ओसरीवर आलो होतो.

"दाखव मला," पाळक म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. मोबाईल हातभर लांब धरला. सगळा उपदेश ऐकला, वीसच्या वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ मेथीची एक काडी बोटांत तशीच राहिली. मग म्हणाले, "लोक दिसतात ना, तिथे परत ने."

प्रबोधने नेलं आणि थांबवलं. सोनाबाईने पदर डोळ्यांना लावला होता.

"लांबून रडल्यासारखं वाटतं," प्रबोध म्हणाला. "पण नीट बघितलं तर कळतं. डोळे कोरडे आहेत. तपासणाऱ्यांना कळेल का हो? ऐकणाऱ्यांवर परिणाम झाला का, याला वीस गुण आहेत."

पाळकांनी मोबाईल त्याच्या हातात परत दिला.

"शब्द तर तेच होते," प्रबोध म्हणाला. "उलट पहिल्या वेळी मी अडखळलो. चांगला मिनिटभर. त्याचे गुण कापतात."

"हो का?"

"त्याला अनावश्यक विराम म्हणतात. वेगळा धडाच आहे त्यावर."

"काय आहे धड्यात?"

"विराम घ्यायचा तर दोन सेकंद. जास्त लांबला की ऐकणारा सुटतो."

"सुटली का सोनाबाई?"

प्रबोधने व्हिडिओ परत मागे नेला.

पाळकांनी मेथीची अर्धी जुडी त्याच्यापुढे सरकवली. तो एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने पानं खुडायला लागला. देठासकट खुडत होता. लक्ष कुठे होतं त्याचं!

"तो कागद आण," पाळक म्हणाले.

कागदावर नाव, गाव, तारीख सगळं प्रबोधने आधीच भरलेलं. सहीच्या वर एकच प्रश्न होता. हा उपदेश प्रत्यक्ष उपासनेत झाला का? हो किंवा नाही, खूण करा.

"कुठला उपदेश?" पाळकांनी विचारलं.

"हाच. व्हिडिओतला."

"आशीर्वाद तर मी आधीच दिला होता रे."

"लोक तेच होते ना, पाळकसाहेब. जागा तीच. मीही तोच." त्याचा आवाज चिरकला. "दोन वर्षं... जेवणाच्या सुट्टीत जेवलो नाही मी. एका खुणेवर सगळं अडलंय."

पाळकांनी कागद मांडीवर घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "तुला वाटतं मला कळत नाही? पायऱ्या चढताना दर रविवारी मी तुझे महिने मोजतो. तू लवकर यावास, हे तुझ्यापेक्षा मला जास्त वाटतं, पोरा."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढलं. पेन कागदावर धरलं... आणि ते तिथेच राहिलं.

माझा जीव टांगणीला. मनात म्हटलं, करा ना खूण, कोण विचारायला येतंय! हे मी मोठ्याने बोललो नाही, एवढंच.

"सलाम, पाळकसाहेब."

दारात सोनाबाई उभी होती. पदराखाली झाकलेली ताटली. कडक उन्हातून आली होती, चेहरा लाल झालेला.

"या सोनाबाई, सावलीत या," पाळक म्हणाले.

"ह्यो हितंच हाय व्हय? बरं झालं. म्या घरी जाऊन आले ह्याच्या, तर आई म्हणली पाळकांकडं गेलाय." तिने ताटली खाली ठेवली. "लापशी हाय. खा रं."

प्रबोध उठून उभा राहिला. तिच्या नजरेला नजर देईना.

"माझ्या घशाखाली घास उतरंना," ती म्हणाली. "म्हणून आले. म्या रडले न्हाई, तर तुझं मार्क गेलं का रं?"

"नाही हो मावशी..."

"खोटं बोलू नको. तुझं तोंडच सांगतंय." ती आमच्याकडे वळली. "लई जोर लावला बघा मी. डोळं चोळलं. पदर लावला. एलियाला आठवला, त्याची चप्पल आठवली. पर येईचना. सकाळीच सगळं वाहून गेलं वो. सकाळी हा गप उभा राहिला, माझ्याकडं बघत... मला वाटलं, ह्याला पण आठवतोय माझा एलिया. कुणाला तरी आठवतोय. मग आपसूक आलं."

मी तांब्याभर पाणी तिच्यापुढे ठेवलं.

सोनाबाई ओसरीच्या पायरीवर बसली. पदर नीट केला. केसांवरून हात फिरवला. प्रबोधकडे तोंड करून म्हणाली, "तर मग पुन्हा घे. ह्या रूबेनला धरू दे मोबाईल. आता येईल मला."

आणि ती वाट बघत बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आपलं एक काम अर्धवट राहिलं होतं, ते पुरं करून द्यायला आली होती ती.

मी खाली मान घातली. मेलो असतो तर बरं, असं झालं मला.

प्रबोधने मोबाईलकडे पाहिलं. तिचा पदर अजून तिथे डोळ्यांना लावलेलाच होता. त्याने बोट दाबून धरलं. पुसून टाकायचं का, हो की नाही, असं मोबाईल विचारतो ना, ते त्याने विचारलं.

प्रबोधने हो दाबलं.

"पुन्हा नाही घ्यायचं, मावशी," तो म्हणाला. "कधीच नाही."

"का रं? म्या म्हणते ना, येईल..."

तेवढ्यात तो खालीच बसला, तिच्या पायांशी, धपकन. "मी आलोच नाही हो तुमच्याकडे. एलिया गेल्यापासून एकदासुद्धा नाही आलो. तुमच्या दारावरून गेलो. कोर्स चाललाय, कोर्स चाललाय, म्हणून... मला भीती वाटायची, मावशी. तुम्ही विचारलंत तर काय बोलायचं..."

सव्वीस-सत्तावीस वर्षांचा गडी, हुंदके देऊन रडायला लागला. सोनाबाई आधी गोंधळली. मग तिने त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, आणि ज्या पदराने दुसऱ्या वेळी कोरडे डोळे चोळले होते, त्याच पदराने त्याचं तोंड पुसलं.

"रडू नको," ती म्हणाली. "रडू नको रं बाबा. म्या हाय ना."

आता तिचेही डोळे वाहत होते. तिला ते कळलंही नव्हतं.

मला राहवेना. पाळकांजवळ सरकलो.

"पाळकसाहेब, अहो, व्हिडिओ गेला! उद्या काय पाठवणार हा? याचं वर्ष गेलं की हो!"

पाळकांनी पेनाला टोपण लावलं. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, रूबेन. उपदेशाचा तास चालू आहे."